गुडघा बदलायचाय? नॅव्हिगेशन, रक्त आणि फाईल: कोल्हापुरात पहिल्यांदाच दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी

घरात गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आमच्याकडं दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, कॉम्प्युटरवालं करायचं का साधं? दुसरा, रक्त किती चढवावं लागंल? आत्यांचं (माझ्या सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात) ऑपरेशन ठरलं तेव्हा या दोन्ही प्रश्नांसाठी मी लई पळापळ केली, डॉक्टरांना विचारलं, भूलतज्ञांना विचारलं, जे समजलं ते वहीत लिहून ठेवलं. ते सगळं इथं पायरीपायरीनं देते. गारगोटी, चंदगड, राधानगरीकडनं लोक पेशंटला घेऊन येतात आणि दसरा चौकात नाहीतर राजारामपुरीत एका दवाखान्यातनं दुसऱ्यात फिरत बसतात, त्यांना तरी एक फेरी कमी पडावी.

आधीच एक सांगते. नॅव्हिगेशननं (म्हणजे त्या कॉम्प्युटरवाल्या ऑपरेशननं) रक्त थोडं वाचतं हे खरं आहे, पण रक्ताची पिशवी चढवायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर कामाला ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी लागायला पाहिजे. मशीनच्या नादात लोक हेच विसरतात.

१. रक्त जातं कुठनं ते समजून घ्या

गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा काढून टाकत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक झिजलेलं असतं, ते पातळ कापून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती. कापलेल्या हाडातनं रक्त झिरपत राहतं, शिरेसारखं ते चिमट्यात धरून बंद करता येत नाही.

साध्या पद्धतीत अजून एक जागा असते. हाड कोणत्या कोनात कापायचं हे ठरवायला मांडीच्या हाडाला खालनं भोक पाडून आतल्या मज्जेच्या पोकळीत लांब सळई घालतात. ती पोकळी उघडली की तिथनंही रक्त येतं. बरेच सर्जन नंतर हाडाचाच तुकडा घालून ते भोक बुजवतात, त्यानं फरक पडतो.

सगळं धरून एका गुडघ्याला लिटरभराच्या आसपास रक्त जाऊ शकतं, कुणाचं कमी कुणाचं जास्त. पण यातलं बरंचसं डोळ्याला दिसतच नाही. ऑपरेशन चालू असताना मांडीला हवेचा पट्टा आवळलेला असेल तर टेबलावर रक्त कमीच दिसतं, पट्टा सोडल्यावर मग ते आत मांसात आणि कातडीखाली साठत राहतं. म्हणून "ऑपरेशनमध्ये फार रक्त गेलं नाही" असं बाहेर येऊन सांगितलं तरी दोन दिवसांनी हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसतं, आणि नातेवाईक घाबरतात की काहीतरी बिघडलं. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, ते आत गेलेलं रक्त असतं.

२. नॅव्हिगेशन काय करतं आणि काय करत नाही

ही पद्धत नवीन नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जानेवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा नॅव्हिगेशननं अख्खा गुडघा बदलला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवतात, त्यांच्यावर चमकणारे गोळे लावलेले ट्रॅकर असतात आणि बाजूला उभा केलेला इन्फ्रारेड कॅमेरा ते गोळे बघत राहतो. सर्जन पाय खुब्यातनं गोल फिरवतो त्यावरनं खुब्याचा मध्य कुठं आहे ते कॉम्प्युटर काढतो, मग गुडघ्यावरचे आणि घोट्यावरचे ठरलेले बिंदू टोकदार दांडीनं टेकवून दाखवतात. एवढ्यावर स्क्रीनवर पायाची सरळ रेषा येते आणि हाड कापायच्या आधी कोन किती डिग्रीचा होणार ते दिसतं.

मूळ फायदा हा कोनाचा आहे. रक्ताचा फायदा त्याच्या मागनं येतो, कारण सळई घालायचीच नसल्यामुळं मांडीच्या हाडाची पोकळी उघडत नाहीत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आम्हाला त्याचा प्रिंटआऊट दाखवला, वर आत्यांचा पाय आधी किती डिग्री बाहेर वाकलेला होता ते आणि खाली आता किती ते. पेन टेकवून म्हणाले, "ताई, हे दोन आकडे बघा, आणि यासाठी आत रॉड घालावा लागला नाही."

आता दुसरी बाजू. बऱ्याच अभ्यासात नॅव्हिगेशननं रक्त कमी गेलेलं दिसलं, काहीत फारसा फरक दिसला नाही. रक्त कमी जायची औषधं दोन्हीकडं नीट दिली तर पिशवी लागणाऱ्या पेशंटांच्या संख्येतला फरक अजून लहान होतो. शिवाय ऑपरेशनला थोडा वेळ जास्त जातो, पिनांच्या एकदोन बारीक जखमा वाढतात आणि क्वचित पिनेच्या जागी हाडाला तडा जाऊ शकतो. हे सगळं डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला पाहिजे, नाही सांगितलं तर विचारा.

कुणासाठी नॅव्हिगेशनचा आग्रह धरावा? मांडीचं हाड धनुष्यासारखं वाकलेलं आहे, जुन्या फ्रॅक्चरचा रॉड किंवा प्लेट आत आहे म्हणून सळई जाऊच शकत नाही, किंवा दोन्ही गुडघे एकाच दिवशी करायचेत. दोन्ही एकदम केले तर रक्त अर्थातच लई जास्त जातं, आणि सळई घालताना मज्जेतली चरबी रक्तात जायचा धोकाही दोनदा घ्यावा लागतो. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्यांनी हे नक्की बोलून घ्यावं.

रोबोटिक म्हणतात त्यातही मांडीतली पोकळी बहुधा उघडत नाहीत, म्हणजे रक्ताच्या बाबतीत नॅव्हिगेशनसारखाच हिशेब. काही रोबोटना आधी सीटी स्कॅन लागतो, त्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का ते विचारून ठेवा.

३. हिमोग्लोबिन आधी, तारीख नंतर

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईत हीच राहते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ॲडमिट झाल्यावर रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं तर हातात काहीच उरत नाही, एकतर तारीख पुढं जाते नाहीतर पिशवी चढवूनच आत नेतात. बायकांना १२ च्या खाली आणि पुरुषांना १३ च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. ऑपरेशननंतर रक्त चढवावं लागणार का हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आधीचं हिमोग्लोबिन.

आत्यांचं कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आधी हे वाढवू, मग गुडघा." आत्यांना ते पटेना. "दोन वेळ पोटभर जेवते की ओ मी, रक्त कुठनं कमी पडंल?" मग डॉक्टरांनी विचारलं, दुखायच्या गोळ्या किती वर्षं खाताय? तिथं खरं कारण निघालं. गुडघेदुखीचे पेशंट वर्षानुवर्षं मेडिकलमधनं पेनकिलर आणून खातात, त्यानं पोटात जखमा होतात आणि शौचावाटे थोडं थोडं रक्त जात राहतं, डोळ्याला काही दिसत नाही. त्यामुळं नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका, कारण शोधायला सांगा. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तातल्या पेशींची तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, किडनीची तपासणी आणि गरज वाटली तर शौचाची तपासणी. घरात माळकरी असतील, मटण-अंडी चालत नसतील तर बी१२ नक्की बघा.

लोहाच्या गोळीनं हिमोग्लोबिन एकाने वाढायला साधारण तीन-चार आठवडे जातात, म्हणून महिना-दीड महिना आधी म्हणते. वेळ कमी असेल किंवा गोळी पोटाला सोसत नसेल तर सलाईनमधनं लोह देतात, ते डॉक्टर ठरवतील.

गोळी घेताना आमच्याकडं हमखास घोटाळा होतो तो दुधाचा आणि चहाचा. कोल्हापुरात सकाळचं दूध सुटत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना गोळी दुधाबरोबरच घ्यायची सवय असते. लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगाला नीट लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासा-दोन तासांनी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका, पण डांबरासारखं चिकट काळं आणि उग्र वासाचं झालं तर लगेच दाखवा.

४. गोळ्यांची पिशवी सोबत न्या

तोंडी सांगू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून टेबलावर ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, नवीन आलेल्या ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅन) कोणती किती दिवस आधी थांबवायची किंवा चालूच ठेवायची हे प्रत्येकीचं वेगळं असतं. हृदयात स्टेंट असेल तर शेजारच्याचं ऐकून गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं, तिथं हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठीच आणा.

गुडघेदुखीवर कुठनं कुठनं आणलेल्या पुड्या, काढे, तेल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हेही सांगा. बिनलेबलच्या पुडीत कधी कधी स्टिरॉईड असतं, त्यानं जखम भरायला आणि साखरेला दोन्हीकडं त्रास होतो. पेशंट लाजून सांगत नाही, म्हणून घरच्यांनी सांगावं.

५. सर्जनला आणि भूलतज्ञांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, ओपीडीत गर्दीत आठवत नाही.

ट्रॅनेक्झामिक ॲसिड देणार का? हा प्रश्न मी पहिला ठेवते. १९६२ मध्ये जपानच्या ओकामोटो दांपत्यानं शोधलेलं हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. ते रक्ताची तयार झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, त्यामुळं झिरपणं कमी होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी जायला आणि पिशवी टळायला याचा पुरावा नॅव्हिगेशनपेक्षा कितीतरी भक्कम आहे. शिरेतनं देतात, काही सर्जन सांध्यातही सोडतात. फिट येत असतील, अलीकडं पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, किडनीचा त्रास असेल तर तसं आधी सांगा, मग देणं न देणं किंवा डोस ते ठरवतील.

मांडीचा पट्टा किती वेळ ठेवणार? ड्रेनची नळी (जखमेत साठणारं रक्त बाहेर काढणारी) ठेवणार का? नळी सरसकट ठेवून फायदा होतो असं दिसलेलं नाही, उलट रक्त चढवायची गरज वाढू शकते. कमरेतनं भूल देणार का पूर्ण? आणि शेवटी, हिमोग्लोबिन किती खाली गेल्यावर रक्त चढवता? हल्ली स्थिर पेशंटला साधारण ८ च्या खाली गेल्यावर किंवा धाप, चक्कर, छातीत दुखणं असं काही असेल तर विचार करतात. "सगळ्यांनाच एक पिशवी चढवतो" असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

आम्हाला एका ठिकाणी मशीनची माहिती अर्धा तास मिळाली आणि रक्ताचं विचारल्यावर "ते आम्ही बघतो" एवढंच. आम्ही तिथं केलं नाही.

६. पैसे आणि कागदपत्रं

गुडघ्याच्या इम्प्लांटला (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याला) सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत लावली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि जीएसटी असा आकडा होता, आताचा चालू आकडा विचारून घ्या. बिलात इम्प्लांट वेगळं दाखवायला सांगा. नॅव्हिगेशन, रोबोट, पिना, ट्रॅकर यांचा चार्ज वेगळा असतो आणि तिथंच दोन दवाखान्यांच्या कोटेशनमध्ये फरक पडतो, म्हणून तुलना करताना दोन्ही कोटेशन लेखी घ्या.

मेडिक्लेम असेल तर दोन गोष्टी तपासा. सांधे बदलायला बऱ्याच पॉलिसीत वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ खर्च मिळत नाही) असतो, आणि रोबोटिक सर्जरीला काही पॉलिसीत वेगळी मर्यादा असते, बाकी पैसे खिशातनं जातात. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. त्यात आणि महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी दवाखान्यात बसणारा माणूस) विचारा. सीपीआरमध्येही (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) आधी चौकशी करा, खाजगीत जायच्या आधी एक फेरी वाया जात नाही.

फाईलमध्ये हे ठेवा:
– आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा पॉलिसी
– उभं राहून काढलेला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पायाचा एक्सरे
– सीबीसीचे जुने-नवे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून
– साखर, एचबीए१सी, किडनी, लघवी, ईसीजी, टूडी इको
– जुन्या ऑपरेशनची आणि स्टेंटची डिस्चार्ज कार्डं
– रक्तगटाचा लेखी रिपोर्ट
– ॲलर्जीची नोंद आणि गोळ्यांची यादी

७. रक्ताची सोय

सगळं नीट केलं तरी सोय ठेवायची. क्रॉसमॅचसाठी (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघायला) नमुना कधी जाणार ते सिस्टरला विचारा. बदली रक्तदाता मागितला तर पोरं तयार ठेवा: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा, आणि आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस झालेले असावेत. तालमीतली पोरं अशा वेळी धावून येतात, फक्त त्यांना उपाशीपोटी आणू नका. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं.

८. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

हिमोग्लोबिन सगळ्यात खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निवांत होऊ नका, अजून एकदा तपासायला सांगा.

आत्यांना फिजिओनं वॉकरवर उभं केलं. दोन पावलं टाकली आणि त्यांचा हात वॉकरवर घट्ट झाला, चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम. सिस्टरनं तिथंच खुर्ची सरकवून बसवलं, बीपी बघितलं, पाणी दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला तो नऊच्या जरा खाली. डॉक्टरांनी आत्यांना धाप लागते का, छातीत धडधडतं का विचारलं, बसून बीपी परत घेतलं आणि रक्त न चढवता थांबायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या बाथरूमपर्यंत चालल्या. आकडा आणि पेशंट दोन्ही बघून ठरवणं म्हणजे काय ते तेव्हा समोर दिसलं.

उठवताना नेहमी आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवा. मांडीपासून नडगीपर्यंत, कधी घोट्यापर्यंत निळं-जांभळं उतरतं, ते आत साठलेलं रक्त खाली सरकलेलं असतं. बर्फाचा शेक कापडातनं द्या, पाय उंच ठेवताना उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको, नाहीतर गुडघा वाकडाच राहायची सवय लागते.

पट्टी रक्तानं सारखी भिजत असेल, पोटरी एका बाजूला टणक सुजून दुखत असेल, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, ताप आला, जखमेतनं पू आला, तर रात्र असली तरी फोन करा.

९. घरी आल्यावर

घरी नेताना वडाप (माणसं कोंबून भरलेली जीप) नको. पुढची सीट मागं सरकवता येईल अशी गाडी करा.

गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेल्या दिवसापर्यंत द्या, "रक्त पातळ होतंय, निळं पडलंय" म्हणून घरच्या घरी बंद करू नका, आधी विचारा. लोहाची गोळी बहुधा चालू ठेवायला सांगतात. पांढरा रस्सा, अंडी, डाळी, पालेभाजी, लिंबू जे पचतं ते द्या, भूक पहिल्या आठवड्यात कमीच असते, थोडं थोडं चारपाच वेळा. टाके काढायला जाल तेव्हा किंवा तीन-चार आठवड्यांनी सीबीसी परत करा आणि आधीच्या रिपोर्टांशेजारी लावा.

नॅव्हिगेशन झालं असेल तर मांडी आणि नडगीवरच्या पिनांच्या बारीक जखमा वेगळ्या बघा. मोठ्या जखमेकडं सगळ्यांचं लक्ष असतं, या राहून जातात. आणि तिथं अचानक जोरात दुखायला लागलं, पाय टेकवेना झाला तर एक्सरे काढून घ्या.

डिस्चार्ज घेताना इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. कंपनी, साईझ, बॅच नंबर त्यावर असतो. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेत का बघा, मोबाईलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या दोघांकडं तरी पाठवून ठेवा. पुढं दुसरा गुडघा करायचा झाला किंवा याच गुडघ्यात काही करावं लागलं तर सर्जन पहिल्यांदा तेच मागतात.